जुळा धर्मग्राम

शनिवार, ८ ऑक्टोबर २०१६

वादळ मंगळवारी येऊन गेलं. लिहायला बसणं आज जमतंय. ही वही तिसरीच्या वर्गातल्या उलट्या कपाटाखाली सापडली. उन्हात वाळवली, आता पानं पापडासारखी वाजतात.

आई सुखरूप आहे, मीही आहे. घर नाही. फादर आनेलांचं घर दगडी, तेवढंच आमच्या त्रू-लियान गावात उभं राहिलं, म्हणून आम्ही सगळे त्यांच्या खालच्या खोल्यांत दाटीवाटीने आहोत. चर्चचं छप्पर सबंधच्या सबंध उचललं गेलं आणि खाली कॉफीच्या उतारावर उलथून पडलं. शाळेचं छप्पर कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. डोंगर वणवा लागून गेल्यासारखे तपकिरी दिसतात. नीरफणसाचं एकही झाड उभं नाही.

सकाळ-संध्याकाळ तेच तोमतोम, तोच कुटलेला नीरफणस आणि तेच भेंडीचं कालवण, म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली. आज आई म्हणाली, "आता नाही गिळावं लागणार. झालं ना तुझ्या मनासारखं?"

सेरॅफीनचा नवरा जास्मँ शेळी सोडायला बाहेर पडला तो झाडाखाली सापडून गेला. शवपेटी करायला फळ्या कुठून आणणार? शाळेचं दार बिजागरीतून काढलं आणि त्याच्यावर ठेवून त्याला नेलं. माझ्या वर्गाचं दार. सेरॅफीन रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "बाई, दार परत आणून देते हं."

रविवार, १६ ऑक्टोबर

रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, उघड्यावर झाला. नंतर मी वरच्या कड्यावर जाऊन फोन लावला, तिथेच काय तो लागतो.

ओहायोतलं सेंट कोलमन चर्च आणि त्याची माणसं, हा आमचा जुळा धर्मग्राम. मी शाळेत लागले त्या वर्षापासूनचं हे नातं. शिक्षकांचे पगार आणि पोरांचं दुपारचं जेवण त्यांच्याकडून येतं, आणि आम्ही दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. गावात इंग्रजी मला एकटीलाच येतं, म्हणून बोलण्याचं काम माझ्याकडे. तिकडून बोलते ती रोझली हुडाक. सत्तरीची विधवा, दरवर्षी येते, सगळ्या पोरांची नावं तिला पाठ.

माझा आवाज ऐकून रोझली रडायला लागली. मी उन्हात उभी, बॅटरी संपत आलेली आणि ती रडतेय! शेवटी मी म्हटलं, "रोझली, रडू नका, ऐका." काय काय गेलं ते सांगितलं. ती म्हणाली, "एलिमेन, आम्ही आता थोडेच जण राहिलोय गं. पण होईल ते सगळं करू."

थोडेच जण! तिनेच दाखवलेल्या फोटोत त्यांचं चर्च आमच्या जेरेमी शहरातल्या कॅथेड्रलएवढं आहे. पैसेवाल्यांना हात आखडता घ्यायचा असला की त्यांची माणसं लगेच कमी होतात.

शनिवार, १२ नोव्हेंबर

पलीकडच्या डोंगरावरच्या मोर्न-सेक धर्मग्रामाला फ्लोरिडाचा जुळा आहे. त्यांच्याकडे तंबू आले, डॉक्टर आले, ट्रकभर तांदूळ आला, पोरांना फुगेसुद्धा. तिथल्या मास्तरीण बाई मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्यांनी काय पाठवलं हो?"

काय सांगणार? आमच्यांनी काळ्या घेवड्याचं बियाणं पाठवलं. तेही ओहायोहून नाही. पैसे पाठवले आणि इथल्याच ले काय शहरातून घ्या म्हणाले. शिवाय दोन यांत्रिक करवती, तेल, आणि व्हर्नचा निरोप: "पडलेली झाडं जाळू नका, कोळसा करू नका. त्यांच्या फळ्या होतील. मी येतोय." व्हर्न कोवालिक म्हणजे त्यांच्याकडचा म्हातारा सुतार. रोझलीबरोबर आधी दोनदा आलाय, फारसा बोलत नाही.

मी मास्तरीण बाईंना म्हटलं, "येतंय, मागून मोठं सामान येतंय." खोटं बोलले.

फादर आनेल म्हणतात बियाणं वेळेवर आलं. फादर तरुण आहेत, त्यांना काहीही मिळालं तरी देवाची कृपा वाटते.

रविवार, १ जानेवारी २०१७

स्वातंत्र्याचा दिवस. आज घरोघरी भोपळ्याचं सूप करायची रीत, यंदा ते भोपळ्याशिवाय. आईने त्यात रताळं घातलं आणि म्हणाली, डोळे मिटून प्या.

मंगळवार, १७ जानेवारी

रोझली आणि व्हर्न आले. यावेळी दोघंच. मागच्या खेपेला सात-आठ जण होते. "बाकीचे?" मी विचारलं. रोझली म्हणाली, "कुणाचे गुडघे, कुणाचं हृदय." म्हणजे वादळानंतर इथे यायची कुणाला इच्छा नाही, असं सरळ सांगावं ना.

नदीपासून वर यायला रोझलीने अर्धा दिवस लावला. चार पावलं टाकली की थांबायची, ओठ जांभळे. गाडीतून फिरणाऱ्या माणसांचं असंच होतं. तिच्या बुटांचा तळवा एका बाजूने सुटलाय, तो तिने दोरीने बांधलाय. असले बूट घालून डोंगरात कुणी येतं का? इथे सगळं चालतं असं त्यांना वाटत असणार.

गुरुवार, १९ जानेवारी

व्हर्न सकाळपासून पडलेल्या झाडांत असतो. जास्मँवर पडलेला तो नीरफणस सेरॅफीनने कापू दिला नाही. तिने त्याच्या खोडावरच कॉफी आणि पाव विकायचं दुकान मांडलंय. आज रोझली तिथे जाऊन बसली आणि मला मध्ये बसवलं.

"हिला विचारा बाई," सेरॅफीन म्हणाली, "हिचा नवरा कशाने गेला?"

मी विचारलं. रोझली म्हणाली, "गिरणीतल्या धुळीने. फुप्फुसं गेली."

"म्हणजे गिरणीने खाल्ला. माझा झाडाने खाल्ला. आणि हिची ती गिरणी, ती तरी चालू आहे का?"

"बंद पडली. फार वर्षं झाली. गावातली निम्मी घरं रिकामी आहेत."

मी सांगितलं तशी सेरॅफीन खो-खो हसली. "रिकामी घरं! आमच्याकडे माणसं आहेत, घरं नाहीत. यांच्याकडे घरं आहेत, माणसं नाहीत. तिला म्हणावं, बदल करू या का?"

रोझलीपण हसली, मग खोकत सुटली. सेरॅफीनने तिला आल्याचा चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. सेरॅफीन कुणालाही फुकट काही देत नाही. मला आश्चर्यच वाटलं.

रविवार, २२ जानेवारी

मिस्सानंतर रोझलीने पोरींना फोनमधले फोटो दाखवले. सेंट कोलमनचं चर्च, रंगीत काचा, केवढी उंच वेदी. बाकांची रांगच रांग, आणि पुढच्या दोन बाकांवर पांढऱ्या केसांची काही डोकी.

"हा फोटो कधीचा?" मी विचारलं.

"यंदाच्या नाताळच्या मिस्साचा."

नाताळला दोन-तीन मिस्सा होत असणार, बाकीचे दुसऱ्याला गेले असतील. आमच्या पोरी त्या काचांकडे बघतच राहिल्या. वर आमच्या डोक्यावर ताडपत्री फडफडत होती. इतका राग आला मला! एवढं मोठं देऊळ आणि दोन बाक माणसं. आमच्याकडे माणसं दारापासून आवाराच्या भिंतीपर्यंत उभी असतात.

दुपारी बैठक झाली. व्हर्न म्हणाला, "शाळेचे वासे आणि फळ्या इथल्याच लाकडाच्या होतील. पत्रे आम्ही देऊ." फादरांनी चर्चबद्दल विचारलं. रोझलीने व्हर्नकडे बघितलं. व्हर्न जमिनीकडे बघत राहिला. मग रोझली म्हणाली, "चर्चचं आत्ता नाही सांगता येत. वचन देऊन मोडण्यापेक्षा न दिलेलं बरं."

फादर म्हणाले, "शाळा आधी, बरोबरच आहे." मला नाही बरोबर वाटलं.

मंगळवार, २४ जानेवारी

आज ते गेले. मी नदीपर्यंत पोहोचवायला गेले आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. बरं केलं. इतकी वर्षं मी दोन्हीकडचं बोलणं गोड करून सांगत आले, आज माझं स्वतःचं बोलले.

व्हर्न सामान घेऊन पुढे पाण्यात उतरला होता. रोझली दगडावर बसून दम घेत होती. मी म्हटलं, "तुमचं चर्च रिकामं आहे आणि त्याला छप्पर आहे. आमचं भरलेलं आहे आणि त्याला छप्पर नाही. देवाला यातलं कुठलं आवडत असेल, सांगा ना. तुम्ही येता, आमच्याबरोबर फोटो काढता, परत जाऊन गरम खोलीत बसता. जुळं म्हणता आम्हाला. जुळ्यांपैकी एक उपाशी असताना दुसऱ्याला झोप कशी लागते?"

ती रागावेल असं वाटलं होतं. म्हणजे मला ते हवंच होतं. पण ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तू म्हणतेस ते खरं आहे, एलिमेन."

मग माझा हात धरून उठली आणि पाण्यात उतरली. पलीकडे गेल्यावर तिने मागे वळून हात केला. मीही केला, पण जरा उशिरा.

रविवार, १२ फेब्रुवारी

घेवडा निघाला. वादळानंतरचं पहिलं पीक. मोर्न-सेकच्या बायका टोपल्या घेऊन आमच्याकडे घ्यायला आल्या. त्यांचा ट्रकभर तांदूळ कधीच संपला. सेरॅफीन त्यांना भाव सांगताना काय ऐटीत होती! आईने मूठभर दाणे भाजून माझ्यासमोर ठेवले. "खा. ओहायोचे आहेत."

ओहायोचे कशाचे, ले कायचे.

मंगळवार, १८ एप्रिल

ईस्टरच्या तिसऱ्या दिवशी रोझलीचा फोन. शाळेचे पत्रे जेरेमीला पोहोचलेत हे ठाऊकच होतं. पण ती म्हणाली, "चर्चचेसुद्धा पाठवतोय. पत्रे, खिळे, आढ्याचं लोखंड, सगळं. मतदान झालं."

मी कड्यावर एकटीच ओरडले. खाली शेतातली माणसं वर बघायला लागली.

"बघा," मी म्हटलं, "मनात आणलं की होतं ना?"

"हो," ती म्हणाली. "होतं." तिचा आवाज दमलेला होता. मी विचारणार होते, पण बॅटरी गेली.

मी नदीवर बोलले नसते तर हे झालं नसतं. फादरांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांना काय म्हणालात?" मी सगळं नाही सांगितलं.

बुधवार, १४ जून

ओहायोहून खोकी आली. पुरुष दिवसभर नदीपासून डोक्यावरून वाहून आणत होते. मला वाटलं शाळेची पुस्तकं असतील. उघडलं तर मिस्साचे जुने झगे, पितळी मेणबत्तीदाण्या, वेदीवरची भरतकामाची कापडं, क्रुसाच्या वाटेची सगळी चित्रं चौकटींसकट, आणि पेंढ्यात गुंडाळलेला नाक तुटलेला सेंट कोलमन.

"अडगळीची खोली साफ केलेली दिसतेय," मी फादरांना म्हटलं. "मोडक्या नाकाचा संतसुद्धा आमच्याच गळ्यात."

फादर हसले नाहीत. ते एका कापडाची घडी उलगडून बघत होते. त्याच्या कडेला कुणीतरी रफू केलं होतं, त्या रफूवर पुन्हा रफू होतं. सेरॅफीनने सेंट कोलमनला पेंढ्यातून काढलं, झग्याच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, घरातला देव कुणी असा देऊन टाकतं का? घर मोडल्याशिवाय?"

"त्यांच्याकडे चिक्कार आहेत," मी म्हटलं.

बुधवार, २६ जुलै

सेंट अॅनचा सण, आणि चर्चचा अभिषेक. बिशप जेरेमीहून खेचरावरून आले. डोक्यावर नवे पत्रे, खाली आमच्याच झाडांचे वासे, अजून चिकाचा वास येतो. फळ्या अपुऱ्या पडल्या तेव्हा सेरॅफीनने स्वतःहून आपलं ते खोड कापायला दिलं होतं. वेदीची पायरी त्याची आहे. आज तिने तिला हात लावून कपाळाला लावला.

रोझली आली नाही. "डॉक्टर सोडत नाहीत," असं तिने महिन्यापूर्वी सांगितलं होतं. व्हर्नही नाही, कुणीच नाही. अभिषेकाला जुळ्या धर्मग्रामाचं एक माणूस नाही! बिशपांनी विचारलं तेव्हा मला खाली बघावं लागलं.

गाणाऱ्यांनी सूर धरला तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. हल्ली फादरांनी गच्चीवर उंच काठीला तार लावल्यापासून चर्चमध्येही फोन लागतो. बघितलं तर रोझली. मी उचलला नाही. यायचं नव्हतं, आणि आता फोनवरून काय बघायचंय? पुन्हा वाजला. मी आवाज बंद केला आणि पिशवी बाकाखाली सरकवली. गाणं फार सुंदर झालं.

रविवार, २९ ऑक्टोबर

खूप दिवसांनी लिहितेय. शाळा सुरू आहे, पटावर मुलं वाढलीत. पगार आता सेंट कोलमनकडून येत नाहीत. ओहायोतल्याच कुठल्या दुसऱ्या धर्मग्रामाच्या नावाने येतात. काही बदल झाला असेल. रोझलीचा फोन नाही. मीही केला नाही. तिला वाईट वाटलं असेल तर वाटू दे, मलाही वाटलं होतं.

आईने अंगणात नीरफणसाचं रोप लावलं. म्हणते फळ धरेपर्यंत मी असेन की नाही कुणास ठाऊक, पण तू असशील.

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८

व्हर्न आला. न कळवता, एकटा, काठी टेकत. मी फळ्यावर बेरीज लिहीत होते. पोरं उठून उभी राहिली आणि "व्हर्न! व्हर्न!" करून ओरडली. तो दारात उभा राहून वर बघत होता, वासे कसे बसलेत ते.

"रोझली कुठे आहेत?" मी विचारलं.

"सप्टेंबरात गेली," तो म्हणाला.

मी पोरांना बाहेर सोडलं. आम्ही दोघं लहान पोरांच्या बाकावर बसलो, गुडघे छातीशी येत होते. मी म्हटलं, "मला कुणी कळवलं नाही."

"तिने सांगितलं होतं, कळवू नका म्हणून. म्हणायची, तिकडे आधीच खूप माणसं मेलीत."

मग तो बोलत राहिला. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. सेंट कोलमन बंद झालं. गेल्या मेच्या सुरुवातीला शेवटचा मिस्सा झाला. वादळ येण्याआधीच त्यांच्या बिशपांनी ठरवलं होतं: माणसं उरली नाहीत, धर्मगुरू पुरत नाहीत, छप्पर गळतंय, म्हणून दुसऱ्या धर्मग्रामात मिसळा. हे म्हातारे लोक भांडत होते. आधी छप्पर दुरुस्त करून दाखवा, मग पुन्हा विचार करू, एवढी सवलत त्यांनी मिळवली होती. त्यासाठी ते केक विकत होते, लॉटऱ्या काढत होते, कुणी बायकोची अंगठी दिली. तेवढं जवळजवळ जमलं होतं.

"मग?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

"मग रोझली इथून आली. ईस्टरआधीच्या उपवासात, लेंटमध्ये, बैठक झाली. तिने उभं राहून तुझं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. 'तुमचं रिकामं आहे आणि त्याला छप्पर आहे. आमचं भरलेलं आहे आणि त्याला छप्पर नाही.' ती म्हणाली, याला माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. कुणाकडेच नव्हतं. छपराचे पैसे इकडे पाठवायला हात वर झाले."

"तुमचा?"

"माझा नव्हता." त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. "मी विरोधात मत दिलं. माझा बाप ते चर्च बांधणाऱ्यांत होता. माझं लग्न तिथे झालं, माझा मुलगा तिथून कबरस्तानात गेला. मी म्हटलं, त्यांना शाळा दिली, पुरे आहे. नंतर दोन महिने मी रोझलीशी बोललो नाही."

"मला माहीत नव्हतं, व्हर्न. कुणी सांगितलं असतं तर..."

"तर काय, तू मागितलं नसतंस?"

बाहेर पोरांचा दंगा चालू होता.

"आता तिथे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. पाडलं. गाड्या लावतात."

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

व्हर्न चर्चचे उरलेले बाक ठोकतोय. कुणी सांगितलं नव्हतं. आज मी त्याला कॉफी नेऊन दिली आणि जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारलं. सेंट अॅनच्या दिवशी रोझलीने फोन कशासाठी केला होता?

त्याने हातोडी खाली ठेवली. "ती हॉस्पिटलात होती. नळी लावलेली. आम्ही सगळे गेलो होतो, उरलेसुरले. तिचं म्हणणं, आपलं छप्पर कसं वाजतं ते तरी ऐकू. त्याखाली गातात कसे ते ऐकू. तिने फोन पोटावर ठेवला होता आणि आम्ही पलंगाभोवती उभे होतो."

"आणि?"

"लागला नाही. ती म्हणाली, डोंगरात रेंज नसेल. पुन्हा लावला. मग नर्स आली."

मी त्याला सांगितलं, रेंज होती. फोन माझ्या पिशवीत वाजत होता, मी मुद्दाम उचलला नाही.

तो कॉफी प्याला, कप माझ्या हातात दिला आणि पुन्हा खिळे ठोकायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी आईला सांगितलं. आई म्हणाली, "माणूस माणसाला असंच मारतं, एलिमेन. वादळाला उगाच नावं ठेवतो आपण." मग तिलाच वाईट वाटलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली.

रविवार, ११ फेब्रुवारी

मिस्साच्या शेवटी फादरांनी व्हर्नला पुढे बोलावलं. "बाई, तुम्ही सांगा हं आम्हाला ते काय म्हणतात ते."

मी त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याने थोडक्यातच सांगितलं: रोझली गेली, सेंट कोलमन गेलं, त्याच्या दुरुस्तीचं जे होतं ते इथे आलं. "आणि मी विरोधात होतो, हेही त्यांना सांग."

इतकी वर्षं मी दोन्हीकडचे काटे काढूनच सांगत आलेय. आज काहीच काढलं नाही. त्याने मत विरोधात दिलं ते सांगितलं. मग त्याने न सांगितलेलंही सांगितलं, मी नदीवर काय बोलले होते ते आणि फोनचंही. माझा आवाज फाटला. फादर उठायला लागले, मी हाताने थांबवलं.

मग सेरॅफीन उभी राहिली. मला वाटलं आता माझी खरडपट्टी. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"त्याला विचारा, आता तो मिस्सा कुठे ऐकतो?"

मी विचारलं. व्हर्न म्हणाला, "कुठेच नाही. त्या दुसऱ्या चर्चपर्यंत गाडी नेतो, बाहेर बसतो, घरी येतो."

"का?"

"तिथे माझी जागा कुठली ते मला माहीत नाही."

सेरॅफीन बाकातून बाहेर आली. व्हर्नचा दंड धरून तिने त्याला आपल्या बाकावर नेलं, मुलीला पलीकडे सरकवलं आणि बसवलं. "ही जास्मँची जागा आहे. इथे बस म्हणावं त्याला. आणि म्हणावं, विरोधात होता तर होता. माझं झाड मागितलं तेव्हा मीही आधी विरोधातच होते."

हे मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो चेहरा हातात धरून बसला. बायका गायला लागल्या, पण मला गाता आलं नाही.

बाहेर पडताना काही जणी माझ्याशी बोलल्या, काही जणी बोलल्या नाहीत. सेरॅफीन बोलली नाही.

मंगळवार, २० मार्च

व्हर्न गेला तेव्हा म्हणाला होता, पुन्हा येणं जमणार नाही. मी आता त्याला दर रविवारी फोन करते. आमच्याकडे बोलायला फारसं काही नसतं. मी हवा सांगते, तो हवा सांगतो. तिकडे बर्फ आहे म्हणे. एकदा मी म्हटलं, "व्हर्न, मला माफ केलंत का?" तो म्हणाला, "मला नको विचारूस ते. माझ्या हातात नाही."

सेरॅफीन परवा शाळेत आली, नातीचं नाव घालायला. जाता जाता म्हणाली, "बाई, तुम्ही मागितलं ते चूक नव्हतं. मागायची तऱ्हा चुकली." चौकटीला टेकून थोडा वेळ उभी राहिली. "आणि फोन. फोन उचलायला हवा होता."

शुक्रवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सकाळी सगळं गाव कबरस्तानात होतं. गवत काढलं, चुना लावला, रीतीप्रमाणे कबरींवर कॉफी ओतली, मेणबत्त्या लावल्या. मिस्सात फादर वर्षातल्या मृतांची नावं वाचतात, प्रत्येकाचं नाव आणि पुढे धर्मग्राम. मी आठवडाभर आधीच त्यांना सांगून ठेवलं होतं की रोझलीचं नाव घ्या. गेल्या वर्षी घ्यायचं राहून गेलं, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आज मिस्साआधी फादरांनी मला वेदीमागच्या खोलीत, सॅक्रिस्टीत बोलावलं. "बाई, रोझली हुडाकपुढे काय लिहू? सेंट कोलमन तर आता नाही. ज्याच्यात मिसळलं त्याचं नाव काय?"

मला माहीत होतं, व्हर्नने सांगितलं होतं. पण रोझली तिथे कधी गेलीच नाही. मेमध्ये दार बंद झालं आणि सप्टेंबरात ती गेली. मधले दिवस हॉस्पिटलात.

"इथलंच लिहा," मी म्हटलं.

फादरांनी लिहिलं. मग वाचलं: जास्मँ पिएर-लुईच्या पुतण्यानंतर आणि मोर्न-सेकहून लग्न होऊन आलेल्या एका म्हातारीच्या आधी. "रोझली हुडाक, त्रू-लियान." लोकांनी म्हटलं, "हिच्या आत्म्यास शांती." पोरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांना ती आठवते.

मला वाटलं होतं, हे नाव ऐकलं की छातीवरचं थोडं तरी हलकं होईल. नाही झालं. ती जिवंत असताना एकदाही आम्ही तिला इथली म्हटलं नव्हतं. दरवर्षी आली तरी ती पाहुणीच, ब्लाँच म्हणजे परकी गोरी बाईच राहिली, आणि माझ्यासाठी तर सगळ्यांत जास्त. आता म्हटलं, तर ते ऐकायला ती कुठे आहे?

कबरस्तानातून सगळे गेल्यावर मी एकटी मागे राहिले. तिची कबर इथे नाही, म्हणून मेणबत्ती कुठे लावावी ते कळेना. शेवटी तशीच हातात धरून उभी राहिले, मेण बोटांवर सांडेपर्यंत.